चिनी काशाचे आरसे: पाठीवर एवढं काय काय कोरलंय?

ओसरी

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या कामानं तीन आठवडे शांघायमध्ये होते. एका रविवारी धो धो पाऊस, म्हणून तिथल्या संग्रहालयात शिरले. काशाच्या दालनात ती तीन पायांची अगडबंब भांडी बघून बघून पाय दुखायला लागले, आणि मग एका काचेच्या पेटीत ही चकती दिसली. व्यास ७.४ सेंटिमीटर, वजन ५० ग्रॅम. आजीच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण असावं तेवढीच. पाठीवर मधोमध एक बोंड, त्याला आडवं आरपार भोक (रेशमी गोंडा ओवायला), आणि भोवती गोलाकार आठ अक्षरं: ‘सूर्याचा प्रकाश दिसला, की सारं जग उजळून निघतं.’ पश्चिम हान काळातला (हान राजवटीच्या पूर्वार्धातला) आरसा, म्हणजे दोन हजार वर्षं उलटून गेलेली.

गंमत म्हणजे संग्रहालयात जवळजवळ सगळे आरसे पालथे मांडलेले. चेहरा दिसायची बाजू सपाट, बिननक्षीची, बहुतेकांची आता काळी-हिरवी पडलेली. राहिली ती पाठ. आल्यापासून त्या पाठींच्याच मागे लागलेय, म्हणून हा धागा.

थोडा इतिहास पटकन उरकते. चीनमधले सगळ्यात जुने आरसे चार हजार वर्षांपूर्वीचे, वायव्येच्या कान्सू-छिंगहायकडचे. त्यातल्या एकावर सात टोकांची चांदणी आहे. आनयांगला १९७६ मध्ये फू हाओ राणीची तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी कबर उघडली, तीत साडेचारशेहून जास्त काशाच्या वस्तू निघाल्या आणि आरसे फक्त ४. म्हणजे तेव्हा आरसा ही दुर्मीळ चीज. हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मात्र आरसे ढिगानं बनू लागले, आणि खरी मजा तिथून सुरू होते.

माझी गाडी अडलीय ती टी-एल-व्ही आरशांवर. नाव युरोपीय अभ्यासकांनी दिलेलं, कारण नक्षीत रोमन लिपीतल्या टी, एल आणि व्ही या अक्षरांसारखे कोन दिसतात. रचना अशी: मधे बोंड, बोंडाभोवती चौकोन, सगळ्यात बाहेर वर्तुळ. पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल, ही जुनी चिनी समजूत. चौकोनाच्या आत बारा अक्षरं. या बारा ‘शाखा’. दिवसाचे प्रहर, वर्षाचे महिने आणि दिशा, तिन्ही गोष्टी यांच्यावरूनच मोजायच्या. चौकोनाबाहेर चार बाजूंना चार राखणदार: पूर्वेला निळसर-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला शेंदरी पक्षी, उत्तरेला ‘काळा योद्धा’. हा योद्धा म्हणजे प्रत्यक्षात सापानं विळखा घातलेलं कासव. कडेनं ढग नाहीतर करवतीच्या दात्यांची किनार.

थोडक्यात, तळहातावर मावणारा विश्वाचा नकाशा. पण त्या नकाशात टी, एल, व्ही कशासाठी? कुणी म्हणतं चार दिशांची द्वारं, कुणी म्हणतं आकाश तोलून धरणारे खांब नि दोर. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (आरशाचाच धागा आहे, टाकाच.)

---

हुप्प्या

वाचतोय. मस्त. एक बाळबोध शंका: एका लेखात आरशावरच्या ओळीचा अर्थ वाचला, ‘डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ, अरिष्ट पळवून लावतात.’ ड्रॅगन पूर्वेचा ना? मग पूर्व डावीकडे कशी? शाळेत तर नकाशात पूर्व उजवीकडे शिकवली.

---

ओसरी

@हुप्प्या, बाळबोध नाही, मीही तिथेच अडखळले होते. चिनी राजा दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. दक्षिणेकडे तोंड केलं की डावा हात पूर्वेला. तिकडच्या जुन्या नकाशांतही दक्षिण वर ठेवायची पद्धत होती. आणि ती ओळ अर्धी आहे. पुढचा भाग: ‘लाल पक्षी नि काळा योद्धा यिन-यांग राखतात.’ दोघं हाकलायला, दोघं तोल सांभाळायला. कामाची वाटणी चोख आहे.

---

कासारआळी

धागा आवडला. नक्षीतलं मला कळत नाही, धातूचं कळतं, म्हणून तेवढंच लिहितो.

हे आरसे म्हणजे शब्दशः कासंच. आपल्याकडे चांगल्या काशाचं माप म्हणजे ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. हान आरशांच्या पृथक्करणातही कथील साधारण २२ ते २५ टक्के येतं, वर थोडं शिसं. एवढं कथील घातलं की धातूचा तांबूसपणा जातो आणि तो रुप्यासारखा पांढरट होतो. म्हणून तर तोंड दिसतं. पण त्याच कथिलामुळे तो काचेसारखा ठिसूळही होतो. काशाची वाटी हातातून पडून तडकलेली ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. पितळेचा तांब्या पोचतो, कासं फुटतं. केरळातला आरन्मुळा आरसा याच जातकुळीतला, त्यात कथील आणखी जास्त.

म्हणून ही नक्षी कोरलेली नाही हो ताई, ओतलेली आहे. एवढ्या ठिसूळ धातूवर छिन्नी चालवायला गेलात तर आरसा हातात येईल, दोन तुकड्यांत. साच्यातच ड्रॅगन-वाघ कोरायचे आणि रस ओतायचा. मग पुढची बाजू घासून घासून जिल्हई. शेवटचा हात कथील आणि पाऱ्याच्या लेपाचा, लोकरीच्या फडक्यानं. हान काळातल्या एका ग्रंथातही हे लिहून ठेवलंय. आमच्या आळीत कल्हईवाला यायचा, तो नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं भांड्यात कथील फिरवायचा, आणि काळं पातेलं डोळ्यांसमोर चांदीचं व्हायचं. तसंच काहीसं चित्र डोळ्यासमोर आणा. चीनमध्येही आरसे उजळून देणारे फिरते कारागीर असायचे.

---

ओसरी

कासारआळी काका, शीर्षकातलं ‘कोरलंय’ चुकलंच. पण आता राहू द्या, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

---

अर्धवटराव

विश्वाचा नकाशा वगैरे ठीक आहे, पण टी-एल-व्हीचं उत्तर त्याहून साधं आहे. तो एका खेळाचा पट आहे.

लिउबो नावाचा पटावरचा खेळ हान काळात घरोघर खेळला जायचा. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या सहा सोंगट्या, आणि फाशांऐवजी सहा कांब्या टाकायच्या. आपल्या सोंगट्यांच्या खेळाचा चुलतभाऊ म्हणा. नियम पुढे विसरले गेले, पण कबरींमधून पट निघालेत, आणि त्या पटांवर हेच टी, हेच एल, हेच व्ही, मधे चौकोन. जसंच्या तसं. हान काळातल्या दगडी चित्रांत पंखवाले अमर पुरुष डोंगरावर बसून हाच डाव मांडून बसलेले दिसतात.

आणि सज्जड पुरावा हवा असेल तर तोही आहे. एका टी-एल-व्ही आरशावरच्या मजकुराचा ठसा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरळ लिहिलंय: ‘कोरला आहे लिउबोचा पट, अरिष्ट जावो.’ तेव्हापासून चिनी अभ्यासक या आरशांना ‘पट-आरसे’च म्हणू लागले. आकाशाचे खांब नि दोर हा नंतरच्या पंडितांचा कल्पनाविलास.

(कारागीर स्वतः ‘कोरला’ म्हणतोय, कासारआळी, याची नोंद घ्यावी.)

---

कासारआळी

साच्यात कोरला. माझं म्हणणं कायम.

---

नर्मदेतला_गोटा

अर्धवटराव, पुरावा पक्का, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट. (नावाला जागलात.)

प्रश्न असा विचारा: खेळाच्या पटानं अरिष्ट का जावं? सारीपाट काढलाय म्हणून घरातली इडापिडा टळते असं आपण म्हणतो का? च्यांगसू प्रांतात यिनवानला १९९३ मध्ये हान काळातल्या कबरी खणल्या. तिथल्या एका लाकडी फळीवर हाच टी-एल-व्हीचा पट रेखलाय आणि त्याच्या रेघांवर साठ दिवसांच्या चक्रातले दिवस ओळीनं मांडलेत. खाली कोष्टक. आज कोणता दिवस आहे ते पटावर शोधायचं, तो कुठल्या जागी पडतो ते पाहायचं, आणि कोष्टकात उत्तर वाचायचं. प्रश्न कुठले? लग्नाचं जमेल का, प्रवासाला गेलेला कधी येईल, कैदेतला सुटेल का, आजारी बरा होईल का, पळालेला सापडेल का. आपल्याकडे पंचांगवाल्या गुरुजींना जे विचारतात तेच.

म्हणजे पट नुसता खेळाचा नव्हता, काळ आणि दिशा मांडायचं ते यंत्र होतं. त्यावर खेळणं म्हणजे नशिबाशी डाव टाकणं. आरशावर तो पट बारा शाखांना आणि चार राखणदारांना धरूनच येतो, एकटा क्वचित. तेव्हा ‘नकाशा की पट’ हे भांडणच मला फोल वाटतं. हान माणसाच्या लेखी ते एकच होतं.

---

अर्धवटराव

हम्म. कोष्टकाचं मला माहीत नव्हतं. ‘कल्पनाविलास’ हा शब्द मागे घेतो. ‘खेळ’ मागे घेत नाही.

---

दशमी

त्या ७.४ सेंटिमीटरच्या आरशाबद्दल ओसरीताईंनी मुख्य गोष्टच सांगितली नाही! तो ‘पारदर्शी’ म्हणवला जाणारा आरसा आहे. चकचकीत बाजू उन्हात धरून कवडसा भिंतीवर पाडला, की कवडशात मागची नक्षी आणि अक्षरं उमटतात. धातू भरीव, प्रकाश आरपार जायचा प्रश्नच नाही, तरीही. आणि पाठीवर लिहिलंय काय, तर ‘सूर्याचा प्रकाश दिसला की जग उजळतं’. कारागिरानं मुद्दाम केलं की हा योगायोग, कोण जाणे, पण अंगावर काटा येतो.

अकराव्या शतकात शन ख्वो या चिनी पंडितानं यावर डोकं लढवलंय. त्याच्याकडे असा आरसा होता. त्याचं म्हणणं, ओतकाम निवताना पातळ भाग आधी थंड होतो, जाड नंतर, त्यामुळे पाठीची नक्षी समोरच्या बाजूवर डोळ्याला न दिसणारी खूण सोडते. खूण असते हे त्याचं बरोबर निघालं. आजचं स्पष्टीकरण असं: घासताना पातळ भाग किंचित जास्त फुगतो, जाड भाग कमी, आणि त्या सूक्ष्म चढउतारांमुळे कवडशात कुठे उजेड दाटतो, कुठे विरळ होतो.

अवांतर: या जातीच्या जपानी आरशांवर १८३२ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण आलं होतं, लिहिणारे जेम्स प्रिन्सेप, अशोकाची ब्राह्मी वाचणारे तेच. आणि त्याच वर्षी ६ जानेवारीला मुंबईत बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ निघालं. संबंध काडीचा नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

---

फिरस्ती_मावशी

माझी फजिती ऐका आता. चीनमध्येच एका जुन्या बाजारात ‘हान काळातला’ आरसा घेतला. विकणारा शपथा घेत होता. हिरवागार गंज, त्यावर माती. हॉटेलात आणून नळाखाली धरला तर हिरवा रंग ओघळला. त्याहून कहर म्हणजे सोबतच्या चिनी मैत्रिणीनं अक्षरं वाचली आणि ती हसत सुटली. मजकूर जुना, पण दोन अक्षरं विसाव्या शतकात सोपी केलेल्या वळणाची! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं पुढचा अभ्यासक्रम आधीच वाचलेला.

आता त्यावर कॉफीचा कप ठेवते. पण एक खरं सांगू? नकली असूनही बोटांना ते बोंड आणि भोवतीचा चौकोन सतत जाणवतो. गोंड्यानं धरलं की चारी दिशांचे प्राणी तळहाताला टेकतात. काचेच्या पेटीतून हे कळत नाही.

---

पाटलाचा_पोर

एवढे आरसे कबरीत का ठेवायचे? मेलेल्या माणसाला भांग पाडायचाय का?

---

नर्मदेतला_गोटा

@पाटलाचा_पोर, एक तर ती रोजच्या वापरातली लाडकी वस्तू, बरोबर जायचीच. पण आरसा राखणदारही होता. चौथ्या शतकातला ताओपंथी ग होंग लिहितो, की डोंगरात साधनेला जाताना पाठीवर नऊ इंची आरसा लटकवावा. जुनी भुतं-जनावरं माणसाचं रूप घेऊन येतात, पण आरशात त्यांना खरं रूप लपवता येत नाही. कबरीतल्या अंधारात तर राखणदार हवाच. नंतरच्या काळात कबरीच्या छताला आरसा टांगलेलाही सापडतो.

आणि जपान विसरू नका. इसवी सन २३९ च्या सुमारास चीनच्या वेई दरबारानं तिथल्या हिमिको राणीला १०० आरसे नजर केल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. नारा शहराजवळच्या कुरोझुका थडग्यात नव्वदच्या दशकात त्रिकोणी काठाचे ३३ आरसे निघाले, शवपेटीभोवती रांगेनं. ते चीनमधून आलेले की जपानातच ओतलेले, यावर तिकडे जी हाणामारी चालते त्यापुढे आपले इथले वाद म्हणजे हळदीकुंकू.

---

ओसरी

बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकदमच लिहिते.

@दशमी, तुम्ही पुढे आणाल म्हणून राखून ठेवलं होतं असं म्हणाले असते, पण खरं म्हणजे विसरले.

गोटेभाऊंचं मला पटलं. त्यावर मला सुचलेलं एक सांगते. काळ बदलतो तसं पाठीवरचं मागणं बदलत जातं. टी-एल-व्हीवर अख्खं विश्व आहे आणि अमर होण्याची हाव. शांगफांग नावाच्या सरकारी कारखान्याच्या आरशांवरचा ठरलेला मजकूर असा: ‘शांगफांगनं घडवला आरसा, खरोखर निगुतीचा, वर आहेत अमर, ज्यांना म्हातारपण ठाऊक नाही, तहान लागली की जेडच्या झऱ्याचं पाणी, भूक लागली की बोरं.’ (बोरं म्हणजे तिकडची लाल बोरं.) पूर्व हान काळात (हान राजवटीच्या उत्तरार्धात) राखणदारांच्या जोडीला पश्चिमेची राणीमाता शीवांगमू येऊन बसते, अमरत्वाचं औषध तिच्याकडे. आणि त्याच सुमारास छोट्या, स्वस्त आरशांवर नुसते चार-चार शब्द दिसू लागतात: ‘मुलानातवंडांचं सदैव भलं होवो’, ‘तीन महामंत्र्यांच्या पदापर्यंत पोच’. चार दिशा, बारा शाखा गेल्या, आणि ‘साहेब हो’ आलं! मिंग काळात (१३६८ ते १६४४) तर ‘पाचही मुलं परीक्षा पास होवोत’. आईबापांच्या अपेक्षा कुठल्याही काळात, कुठल्याही देशात त्याच.

मधला थांग काळ (६१८ ते ९०७) मात्र माझा लाडका. कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या, पाठीवर द्राक्षांचे घोस आणि त्यांत लोळणारे सिंहासारखे प्राणी. द्राक्षं मध्य आशियातून आलेली, सिंह चीनमध्ये नव्हताच. घोसात दाणे मोजता येत नाहीत, म्हणून भरपूर संततीची खूण. चंद्राचे आरसे तर अप्रतिम: गोल आरसा म्हणजेच चंद्र, आत औषध कुटणारा ससा, बेडूक, झाड आणि उडत निघालेली चंद्रदेवी छांग-अ. आपल्याही चंद्रावर ससा आहेच, शशांक नाव उगाच पडलं नाही.

आणि श्लेष! चिनी चित्रात उच्चार सारखा म्हणजे अर्थ सारखा. दोन पक्षी चोचीत लांब फीत धरून उडतात, कारण फीत आणि दीर्घायुष्य दोन्ही ‘शौ’. बाराव्या शतकात उत्तरेकडच्या चिन (जिन) राजवटीच्या आरशांवर जोडीनं मासे पोहतात, कारण मासा आणि सुबत्ता दोन्ही ‘यू’. लग्नात काशाचा आरसा आणि पायातला जोडा एकत्र ठेवायचे. तांबं-कासं ‘थोंग’, जोडा ‘श्ये’. दोन्ही मिळून ‘एकत्र, सुखानं’. लग्न आणि आरसा म्हटलं की मला आपलं सूनमुख आठवतं, सासू सुनेचं तोंड आरशात बघते ते. पण तिथे श्लेष नाही, तिथे सरळ तोंडच बघायचं असतं.

---

दशमी

आरसा आणि नवराबायको म्हणजे ती चीनच्या छन राजघराण्यातल्या लछांग राजकन्येची गोष्ट. राज्य बुडणार (५८९) हे दिसल्यावर नवऱ्यानं आरशाचे दोन तुकडे केले, एकेक दोघांनी ठेवला. ताटातूट झालीच तर पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला राजधानीच्या बाजारात आपला तुकडा विकायला पाठवायचा, असं ठरलं. पुढे बाजारात एक म्हातारा नोकर अर्धा आरसा अव्वाच्या सव्वा किमतीला विकताना दिसला. तुकडे जुळले, माणसं जुळली. ‘फुटका आरसा पुन्हा गोल झाला’ ही म्हण चिनीत अजून चालते.

---

कासारआळी

कथील २४ टक्के असेल तर त्याला आरसा तोडायला फार जोर लागला नसणार.

---

हुप्प्या

काका, प्रेमकथेचा पार चुरा केलात.

---

अर्धवटराव

थांग काळ निघालाच आहे तर: यांगचौ शहराचे आरसे राजाला नजराणा म्हणून जायचे. त्यातले सगळ्यात भारी ‘नदीच्या काळजातले’, यांगत्सेच्या मधोमध नावेत ओतलेले, शक्यतो पाचव्या महिन्याच्या पंचमीला. पाण्यातली आग म्हणून त्याचं तेज वेगळं. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं बुडालेलं गलबत सापडलं, दोरीनं फळ्या शिवलेलं, अरबी धाटणीचं. त्यात असा एक आरसा निघाला. मजकुरात साल ७५८, अकरावा महिना, २९ तारीख, यांगचौ, नदीच्या काळजात, शंभरदा शुद्ध केलेला. म्हणजे गलबत बुडालं तेव्हाच तो निदान साठ-सत्तर वर्षं जुना. आणि पाठीवर परत तेच: चार राखणदार. तुमचा विश्वाचा नकाशा निघाला होता अरबस्तानाकडे.

---

फिरस्ती_मावशी

थांगनंतरच्या सोंग काळाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

---

ओसरी

मावशी, सोंग आरसे बहुतेक साधे. नक्षीच्या जागी दुकानाची पाटी! हूचौ गावचे कारागीर ठसा मारायचे: ‘हूचौचे अस्सल शी घराणे, अमुक नंबरचे काका यांचा आरसा’. यातल्या ‘अस्सल’ शब्दावर माझा जीव आहे. आमची कुठेही शाखा नाही, याचीच चिनी आवृत्ती.

---

पाटलाचा_पोर

एक शेवटचं. अर्धवटरावांनी दिलेला मजकूर मी चिनी शिकणाऱ्या बहिणीला दाखवला. ती म्हणते त्यात ‘अरिष्ट’, म्हणजे शब्दशः ‘शुभ नाही’, असं नाहीच लिहिलेलं. ‘मेंढरू नाही’ असं लिहिलंय. लिउबोचा पट काढला, मेंढरू नाही?

---

नर्मदेतला_गोटा

बहीण बरोबर आहे. शुभ म्हणजे ‘श्यांग’, त्या अक्षराचा उजवा भाग म्हणजे ‘यांग’, मेंढी. कारागीर जागा वाचवायला डावा भाग गाळून टाकायचे. आरशांवर हे सर्रास दिसतं. ‘आरसा’ या अक्षरातलाही धातूचा भाग गाळतात. आणि कडेकडेनं लिहीत आलं, वर्तुळ संपत आलं की वाक्य अर्ध्यात तोडून मोकळे. शांगफांगवाल्या कित्येक आरशांवर अमर पुरुष तहानेला पाणी पितात, आणि बोरांपर्यंत पोचायच्या आत जागा संपते.

---

हुप्प्या

म्हणजे दोन हजार वर्षं उपाशी.